मागच्या खोलीतला स्टॉपर

चूक बिल्कीसचीच होती, आणि त्याचाच तिला जास्त राग येत होता. "जेवून जा," असं तीच म्हणाली होती.

आता दारात आलेल्या माणसाला दाभोळची बाई दुसरं काय म्हणणार? ऑगस्टची दुपार, इराकी फौज कुवेतमध्ये घुसून पंधरवडा झालेला, मजीद खाली पावाच्या रांगेत गेलेला. बेल वाजली म्हणून तिनं दाराच्या भिंगातून बघितलं, तर दारात केनी रॅट्रे. शुवैखच्या वर्कशॉपमध्ये मजीद स्टोअर सांभाळायचा, तिथला हा स्कॉटिश फोरमन. दर शुक्रवारी जलीबच्या मैदानावर कोकणी पोरांच्या टीमला फुटबॉल शिकवायचा, एवढीच तिची ओळख. उंच, लाल चेहरा, केस पिकलेले, खांद्याला एक पिशवी. नवऱ्याला भेटायला आला असेल, बसेल, जाईल, असं तिला वाटलं. तिनं माहीनला सांगितलं, "त्यांना म्हण, जेवून जा." सात वर्षांच्या माहीननं ते इंग्रजीत सांगितलं. केनी जेवला.

तेवढ्यात मजीद आला. केनीला बघितलं, दार लावलं, कडी घातली आणि बायकोला स्वयंपाकघरात घेऊन गेला. ब्रिटिशांनी सगळ्यांनी हॉटेलात जमा व्हायचं असा हुकूम निघाला होता. तिथून त्यांना इराकमध्ये नेऊन कारखान्यांत, धरणांवर ठेवत होते. अमेरिकेनं बॉम्ब टाकू नये म्हणून.

"केनी आता इथंच राहील," मजीद म्हणाला.

"किती दिवस?"

"बघू."

ऑक्टोबर उजाडला तरी तो 'बघू' काही संपला नव्हता.

आणि दरम्यान काय काय झालं! गोऱ्या माणसाला घरात लपवलं तर फाशी, असं जाहीर झालं. अबू हलीफाच्या किनाऱ्यावर, जिथं संध्याकाळी माहीन घसरगुंडीवर खेळायची, तिथं खंदक खणले गेले. बिल्डिंगमधली हिंदुस्थानी कुटुंबं एकेक करून बसमध्ये चढली. बसरा, बगदाद, मग जॉर्डन, आणि तिथून फुकटातल्या विमानानं मुंबई. समोरच्या फ्लॅटमधली मालन, हॉस्पिटलात नर्स होती, जाताना बिल्कीसच्या गळ्यात पडून रडली. "तुम्ही का थांबलाय गं? कशासाठी?" बिल्कीसच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण तोंडाला कुलूप. "ह्यांचा पगार अडकलाय," असं काहीतरी ती बोलली आणि दार लावून मागच्या खोलीच्या दिशेनं इतक्या रागानं बघितलं, की आतला माणूस भिंतीपलीकडून सरकला असावा.

घरात आता रोज एकच भांडण होतं.

"सगळं जग गेलं, माहीनचे अब्बा. आपण कुणाची वाट बघतोय?"

"केनीला टाकून कसं जायचं?"

"आणि माहीनला घेऊन कसं राहायचं, ते सांगा ना मला!"

"मग तू जा तिला घेऊन."

"एकटी? सगळा इराक ओलांडून? पोर कडेवर घेऊन? वा रे वा! आणि तुम्ही इथं गोऱ्याचे पाय चेपत बसा!"

मजीद मग गप्प व्हायचा. तिला तेच सहन होत नसे. भांडणारा नवरा परवडला. हा गप्प बसून डोक्यावर मिरे वाटायचा. एकदाच तो म्हणाला होता, "इतके साहेब लोक त्याच्या ओळखीचे, बिल्कीस. तो माझ्या दारात आला." कपाळ माझं!

केनी तसा वाईट माणूस नव्हता, हे तिला कबूल होतं. पण सरळ बसेल तर शपथ! मागच्या खोलीच्या खिडकीला घोंगडी ठोकलेली. तिथं तो या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालायचा. वळताना त्याचा गुडघा कडकन वाजायचा. तो आवाज तिला स्वयंपाकघरात ऐकू यायचा आणि तांदूळ निवडता निवडता ती म्हणायची, आता वाजणार, आणि वाजायचाच. चहा तर इतका प्यायचा की साखरेचा डबा बघून तिला धडकी भरायची. तिखट खाऊन घाम फुटायचा, तरी "गुड, भाभी, गुड" म्हणत ताट चाटूनपुसून संपवायचा. भाभी हा शब्द त्याला टीममधल्या पोरांनी शिकवला होता. त्याचं इंग्रजी मात्र माहीनलाही कळत नसे. "अम्मी, ही डझन्ट स्पीक प्रॉपर्ली," असं सांगून ती मोकळी व्हायची. मग मजीदनं वर्कशॉपी हिंदीत मध्यस्थी करायची.

आणि त्या पिशवीत त्यानं काय आणलं होतं? दोन शर्ट, दाढीचं सामान आणि फुटबॉलचे जुने बूट. बस्स. माणूस जीव वाचवायला पळतो आणि बूट घेऊन पळतो! बिल्कीसनं तेव्हाच हात टेकले.

बुटांची कहाणी तिला एका दुपारी कळली. वीज गेली होती, मजीद घरी होता, करायला काही नव्हतं. केनी पुढच्या खोलीत येऊन बसला आणि तिच्या टोपलीतले कांदे-बटाटे चटईवर मांडायला लागला. चार कांदे एका रांगेत, मागे एक लसूण. लसूण म्हणजे गोलकीपर. रांगेतल्या मधल्या कांद्यावर त्यानं बोट ठेवलं. "मी."

स्टॉपर, मजीदनं समजावलं. मागे उभा राहणारा. समोरच्यांना अडवणारा.

समुद्रकाठच्या गावातला क्लब, सगळ्यात खालच्या डिव्हिजनमधला. गावात माशांची फॅक्टरी. केनी आठवडाभर बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा आणि शनिवारी खेळायचा. पाऊस, चिखल, समुद्रावरून येणारा वारा. बघायला तीन-चारशे माणसं, तीही सगळी ओळखीची, आणि सगळी त्याला नावानं शिव्या घालणारी. सबंध तरुणपण त्या एका क्लबात गेलं. कधी काही जिंकलं नाही.

"मग खेळलाच कशाला?" बिल्कीसनं विचारलं. मजीदनं ते जरा गोड करून विचारलं असावं, कारण केनी हसला.

एकदा जिंकायला आले होते. शेवटची मॅच. बरोबरीत सुटली असती तरी वरच्या डिव्हिजनमध्ये गेले असते. अख्खं गाव मैदानावर. मॅच संपायला आली आणि बॉल केनीच्या पायात. आजूबाजूला कुणी नाही. त्यानं तो सावकाश मागे गोलकीपरकडे ढकलला. केनीनं बोटानं बॉल म्हणून एक वाल लसणीकडे ढकलला. वाल मध्येच थांबला. समोरून दुसऱ्या टीमचा बटाटा आला.

"गोल," माहीन म्हणाली. एवढं तिला कळलं.

"गोल," केनी म्हणाला.

त्यानंतरही तो कितीतरी वर्षं खेळला. चांगला खेळला. पण गावात कसाई मटणाची पुडी देताना म्हणायचा, केनी, नीट हातात घे रे, मध्येच सोडू नकोस. चर्चमध्ये पाद्री हसायचा. बायको सोडून गेली तेव्हा तिच्या भावानंही तोच विनोद केला. शेवटी केनी कुवेतची नोकरी घेऊन निघून आला. "अडवलेले बॉल कुणी मोजत नाही, भाभी," तो म्हणाला. "नव्वद मिनिटं वाट बघत उभं राहायचं, आणि एक डुलकी लागली, की तेवढीच लोकांच्या लक्षात राहते."

बिल्कीसला हसावं की रडावं कळेना. एका बॉलपायी माणूस देश सोडतो! पण मग तिला आपली शरीफाखाला आठवली. लग्नाच्या जेवणात तिच्या हातून बिर्याणीची हंडी निसटली होती, आणि ती म्हातारी होऊन वारली तरी गाव तिला हंडीवाली शरीफाच म्हणत होतं. बिल्कीसनं कांदे उचलून टोपलीत भरले. जरा हळू भरले. त्या दिवशी तिनं त्याला न मागता चहा दिला.

पण सहानुभूतीनं काही साखर वाढत नाही. दुसऱ्या दिवशी तिची पुन्हा चिडचिड सुरू.

ऑक्टोबरमधल्या एका सकाळी तर तिचा तोल गेलाच. खोबरेल तेलाची बाटली जागेवर नव्हती. गावाहून आईनं पाठवलेलं, घाण्यावरचं तेल. तळाशी बोटभर उरलेलं. माहीनच्या केसांना दोन थेंब, आणि जेव्हा अगदी गावाची आठवण यायची तेव्हा झाकण काढून नुसता वास, असं ती ते पुरवत होती. तिनं सगळं घर धुंडाळलं आणि मागच्या खोलीत गेली. केनी जमिनीवर बसून फडक्यानं बुटांना तेल चोळत होता. कातडं चमकत होतं. बाटली रिकामी.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "माझ्या आईचं तेल! बुटांना! पायातल्या बुटांना!" केनीला एक अक्षर कळलं नाही, पण तो उठून उभा राहिला. तिनं त्याच्या हातातून बूट ओढले, तरातरा पुढच्या दाराशी गेली, दार उघडलं आणि ते बाहेर चपलांच्या ढिगात भिरकावले. चपला-बूट घराबाहेर, हा तिच्या घरचा कायदा होता. दाभोळला होता, इथंही होता. दोन महिने केवळ पाहुणा म्हणून तिनं ते बूट घरात सहन केले होते. दार आपटून ती आत आली आणि ओट्याशी उभी राहून रडली. बूट बाहेर राहिले.

दुपारच्या आधीच जिन्यात आरडाओरडा ऐकू आला. शिपाई. एकेक फ्लॅट तपासत येत होते.

मजीदनं केनीला बाथरूमवरच्या माळ्यावर चढवलं. तिथं रिकाम्या सुटकेसांच्या मागे तो गुडघे छातीशी घेऊन कसाबसा मावायचा. हे त्यांनी आधी करून बघितलं होतं. दार वाजलं. मजीदनं उघडलं, आणि बिल्कीसला दारातल्या मिशीवाल्या शिपायाच्या हातात ते बूट दिसले.

"कुणाचे?" शिपायानं अरबीत विचारलं.

"माझे," मजीद म्हणाला. "फुटबॉल. मी खेळतो."

शिपायानं त्याच्या पायांकडे बघितलं. मजीदचे पाय माहीनच्या पायांपेक्षा थोडेच मोठे, असं बिल्कीस नेहमी चिडवायची. "घाल," शिपाई म्हणाला.

मजीद खाली बसला, बूट घातले, नाड्या करकचून बांधल्या आणि उभा राहिला. दोन पावलं चालला. टाच बुटातून साफ बाहेर आली. शिपायाची भुवई वर गेली. मागचा पोरगेला शिपाई बंदूक सावरून पुढे सरकला.

तेव्हा बिल्कीस सुटली.

"बघा! बघा ह्या माणसाला!" बाजारात भाव करून करून शिकलेलं अरबी, हिंदी आणि दाभोळची बोली, सगळं एकदम तिच्या तोंडून बाहेर पडायला लागलं. "मापाचे नाहीत, काही नाहीत, जुन्या बाजारातून आणले! स्वस्त मिळाले म्हणे! मोठे आहेत म्हटलं तर म्हणतो, मोजे घालीन! आणि खेळाडू कसला? मू झेन! अजिबात चांगला नाही! मागे उभा राहतो नुसता! आणि माझं तेल! आईचं तेल चोळलं त्याला!" तिनं आतून रिकामी बाटली आणून शिपायाच्या नाकापुढे धरली. "वास घ्या! केसांचं तेल! दोन महिने मी इथं सडतेय. पोरीची शाळा नाही, घरात साखर नाही, माझ्या मैत्रिणी घरी पोचल्या, आणि ह्याला फुटबॉल! फुटबॉल!"

तिला नाटक करावंच लागलं नाही. बूट सोडले तर सगळं खरं होतं. दोन महिन्यांचं साठलेलं होतं आणि ते ऐकायला शेवटी कुणीतरी मिळालं होतं. मजीद खाली मान घालून उभा होता, तोही खराच. मिशीवाल्यानं बाटलीचा वास घेतला, बुटांचा घेतला आणि मजीदच्या खांद्यावर थाप मारून खदखदून हसला. पोरगेलाही हसला. त्यांनी मागच्या खोलीत डोकावून घोंगडी, गादी बघितली, बाथरूमचं दार उघडून बंद केलं, आणि जाताना रेडिओ व उरलेली साखर घेऊन गेले.

दार लागलं तशी बिल्कीस जिथं होती तिथं खाली बसली. केनीला माळ्यावरून खाली काढायला दोघंही लागली. त्याचे गुडघे आखडले होते. तो स्टुलावर बसला आणि बराच वेळ मजीदच्या पायातल्या बुटांकडे बघत राहिला.

"सॉरी, भाभी," तो म्हणाला. "तेल."

"बूट बाहेर मी टाकले," ती मजीदला म्हणाली. "सांगा त्याला. मी टाकले. आज माझ्यामुळे तुमच्या गळ्यात फास पडला असता."

मजीदनं ते सांगितलं की नाही, तिला समजलं नाही.

संध्याकाळी जिब्रान आला. केनीच्या फुटबॉल टीममधलाच, जलीबमध्ये राहणारा, हल्ली बसची जमवाजमव करायचा. उद्या सकाळी बस आहे, म्हणाला. तीन जागा तुमच्यासाठी धरल्यात. पुढची बस मिळेल का, अल्ला जाणे. मुंबईची विमानं बंद व्हायला आलीत. केनी घरात आहे हे जिब्रानला ठाऊक नव्हतं. तो गेल्यावर मजीद म्हणाला, "तू आणि माहीन निघा."

"तिघं. नाहीतर कुणीच नाही."

"बिल्कीस, त्याला—"

"त्याला, त्याला, त्याला! तुमची पोरगी कोण लागते तुमची?"

केनी दारात येऊन उभा होता. मराठी त्याला कळत नसलं तरी बसच्या गोष्टी आणि स्वतःचं नाव कळत होतं. तो मजीदशी सावकाश बोलला. हॉटेलात जातो म्हणाला. मारत नाहीत, नुसतं धरून ठेवतात. रिकाम्या फ्लॅटमध्ये लपलो होतो असं सांगेन. मजीद त्याच्यावर खेकसला, "चूप बैठो!" बिल्कीसनं मजीदला असं कुणावर खेकसताना कधी बघितलं नव्हतं. तिघंही कोपऱ्या-कोपऱ्यात बसून राहिली. काही ठरलं नाही. तिनं उठून उरल्यासुरल्या तांदळाच्या पिठाच्या रोट्या केल्या, सुक्या बोंबलांची चटणी केली आणि डब्यात भरली. कुणासाठी, ते मजीदनं विचारलं नाही. माहीनचे दोन फ्रॉक पिशवीत घातले, तेही त्यानं बघितलं.

पहाटे ती पाण्याला उठली. स्वयंपाकघरात उजेड यायला लागला होता. मागे चाहूल लागली म्हणून वळली, तर दाराशी केनी. दाढी केलेली, स्वच्छ शर्ट, मोज्यांवर उभा, बूट हातात. आवाज होऊ नये म्हणून.

दोघं एकमेकांकडे बघत राहिली. एक शब्द पुरे होता. थांबा. नाहीतर नुसतं मजीदला हाक मारायची. तिला माहीनचे दोन फ्रॉक दिसत होते. दोन महिने जे होवो म्हणून ती दुवा मागत होती, ते तिच्यासमोर मोज्यांवर उभं होतं, आणि तिला त्याची लाज वाटत होती, आणि तरी ते व्हायलाच हवं होतं. तिनं फळीवरचा डबा काढला आणि पुढे केला. त्यानं तो घेतला, मान हलवली आणि गेला. ती तिथंच उभी राहिली.

रोज अजानच्या आधी उठणारा मजीद त्या दिवशी भिंतीकडे तोंड करून झोपला होता. बस यायच्या वेळेला तिनं त्याला हलवलं. मागची खोली रिकामी बघून तो चटईवर बसला आणि त्यानं दोन्ही हातांनी डोकं धरलं. "मला जागच आली नाही," बिल्कीस म्हणाली. "कधी गेला कुणास ठाऊक."

खाली हॉर्न वाजला. तिघं बसमध्ये बसली.

बसरा मागे पडला. खिडकीबाहेर नुसते रणगाडे आणि वाळू. माहीन तिच्या मांडीवर झोपली होती. दुपार झाली तेव्हा मजीद म्हणाला, "डबा काढ. दोन घास खाऊ."

बिल्कीस हलली नाही.

"राहिला का घरी?"

हो म्हणाली असती तर संपलं असतं. घाईत राहिला, एवढंच. पण सकाळपासून एक खोटं तिच्या नरड्यात अडकून होतं, त्यावर दुसरं जाईना.

"त्याला दिला," ती म्हणाली.

मजीदनं तिच्याकडे बघितलं. ती वाट बघत होती की हा आता ओरडेल. सगळ्या बससमोर ओरडावं, हात उगारावा, काही करावं, असं तिला वाटत होतं. "माझ्यासमोरून गेला," ती म्हणाली. "थांबा म्हणाले नाही मी. तोंडच उघडलं नाही."

"कडी उघडेना त्याला," मजीद म्हणाला.

"काय?"

"दाराची कडी. आपली ती अडकते ना. पहिल्यांदा ओढली, उघडली नाही. बराच वेळ उभा होता. मग परत ओढली." मजीद समोरच्या सीटच्या पाठीकडे बघत होता. "तेवढ्यात मला उठता आलं असतं, बिल्कीस. मी जागाच होतो."

थोड्या वेळानं माहीन जागी झाली आणि भूक लागली म्हणून रडायला लागली.